मिस्त्रीची पहिली बैठक

दारू सोडायला निघालेल्या माणसाने सोबत करवत, रंधा आणि हातोडी न्यावी, असं कुठल्याही डॉक्टरने सांगितलेलं नाही. पण मिस्त्री निघाला तो हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवूनच. वाटेत कुणी ओळखीचं भेटलं आणि ‘रविवारी दुपारी कुठे?’ म्हणालं, तर ‘एक दार बसत नाहीये, बघून येतो’ असं सांगायची सोय. ज्याने पिऊन पडताना चार गल्ल्यांत कुणाची भीड बाळगली नाही, त्याला दारू सोडायला जाताना मात्र लाज वाटत होती. माणसाची लाज नको तिथे झोपते आणि नको तिथे जागी होते.

त्याला धाडलं होतं लेकीने. ती परगावी नोकरीला, पण बापाची नाडी तिला फोनवरून कळायची. पहिल्या ‘हॅलो’लाच समजायचं की आज बाबा बोलतोय की बाटली बोलतेय. पत्ता तिनेच शोधून काढला होता. बसचा शेवटचा थांबा, डेपोसमोरची इमारत, दुसरा मजला, शिवणवर्गाची खोली. दर रविवारी दुपारी दारू सोडू पाहणारी माणसं तिथे जमतात.

“बाबा, तू एकदा जाऊन ये,” ती म्हणाली होती. “जाऊन आलास की मी आईशी बोलते. तोवर माझ्याकडे तिचा विषय काढू नकोस.”

विषय आईचाच होता. मिस्त्रीची बायको माहेरी राहिली होती आणि परत यायचं नाव घेत नव्हती. झालं असं, की तिची आई आजारी पडली, बघता बघता गेली, आणि हिला नेमका ताप भरल्यामुळे शेवटच्या भेटीला जाता आलं नाही. मग दोघं मिळून गेले. भेटायला आलेल्या माणसांनी घर भरलं होतं. कुणीतरी हळहळलं, ‘लेकीची तेवढी भेट राहिली.’ तेव्हा मिस्त्री सगळ्यांदेखत म्हणाला, “मी सांगत होतो हिला, तापात का होईना, पण जा. हिनेच ऐकलं नाही.” असं आपण खरंच सांगितलं होतं का, हे त्याला आठवत नव्हतं. पण चांगला नवरा असंच सांगतो, तेव्हा आपणही सांगितलंच असणार, असा त्याचा अंदाज.  दुसऱ्या दिवशी त्याने निघायची तयारी केली, तर बायको जागची उठली नाही.

“तुम्ही जा,” ती म्हणाली.

“आणि तू?”

“मी इथेच राहणार.”

“का पण? काय झालं?”

“तुम्हाला माहीत आहे.”

त्याला काडीचंही माहीत नव्हतं. घरी येऊन त्याने सगळा संसार जुनी ट्रंक उपसावी तसा उपसला. एकदा भिंतीवर फेकलेलं ताट सापडलं, लेकीच्या शाळेत झिंगून गेल्याचं सापडलं, मेव्हण्याशी घातलेले वाद तर ढीगभर सापडले. पण इतक्या वर्षांची बायको उठून जावी असं काही हाती लागेना. एका गोष्टीचा तर त्याला अभिमानच होता. त्याचा बाप आईला मारायचा. ते बघत वाढलेल्या मिस्त्रीने बायकोवर कधी हात उचलला नाही. गुत्त्यावर शेजारी कोण बसलंय हे न बघता तो हे सांगायचा, आणि ते खरं होतं. शेवटी त्याने ठरवून टाकलं की आई गेल्याचं दुःख आहे, दुसरं काय, निवळेल हळूहळू. ते निवळेना, तेव्हा हा रविवार उजाडला.

कालपासून त्याने थेंब घेतला नव्हता. जीभ लाकडासारखी झाली होती आणि बोटं आपली आपणच तबला वाजवत होती. इमारतीच्या दाराशी रखवालदार स्टुलावर बसून काडीने कान कोरत होता. त्याने मान वर करून पाहिलं आणि ओळखीचं हसला.

“या मिस्त्री. आज काय काढलंय?”

पिशवी बघून कुणीही मिस्त्री म्हणेल. त्याने पाठ केलेलं उत्तर दिलं. “एक दार बसत नाहीये म्हणे वरचं.”

“दार तर मागेच झालं की,” असं म्हणून रखवालदार पुन्हा कानाकडे वळला.

याची काहीतरी गफलत होतेय, आपल्याला दुसऱ्याच कुणा सुताराच्या नावाने धरतोय, असं मनाशी म्हणत मिस्त्री जिने चढला. वर शिवणवर्गाची पाटी होती आणि दार अर्धवट उघडं होतं. आतून माणसांचा आणि कपांचा आवाज येत होता. पाय तिथेच थबकले. घाबरलेला माणूस अशा वेळी देवाचं नाव घेतो. मिस्त्रीने सवयीने दाराच्या बिजागऱ्या बघितल्या.

बिजागऱ्या नव्या होत्या आणि काम झकास होतं. इतकं झकास, की तो जरा चरफडलाच. त्याने दार एका बोटाने ढकललं, ते कुरकुर न करता फिरलं. मग त्याची नजर स्क्रूंवर गेली. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरची खाच सरळ उभी होती. ही त्याच्या उस्तादाची शिकवण. स्क्रू घट्ट झाला म्हणजे काम संपलं नाही, खाच उभी झाली म्हणजे संपलं, आडव्या खाचेत धूळ बसते. उस्ताद जाऊन जमाना झाला. गावातले बाकीचे सुतार या खुळावर हसायचे. हे खूळ जपणारा मिस्त्री एकटाच उरला होता, निदान त्याची तरी तशी समजूत होती.

त्याने वाकून खालच्या बिजागरीच्या कडेला बोट लावलं. बिजागरी बसवायला लाकूड खोदतात, त्या खोबणीच्या काठावर दोऱ्याएवढी बारीक रेघ उमटली होती. धार तुटलेल्या पटाशीने खोदलं की तशी रेघ राहते. मिस्त्रीने पिशवीतून स्वतःची पटाशी काढली. तिच्या धारेचा एक कण उडालेला होता, आज घासू, उद्या घासू करत राहून गेलेला. त्याने पटाशी त्या रेघेवर टेकवली. किल्ली कुलपात बसावी तशी ती बसली.

 हे काम त्याने केलं होतं. आणि या दारात त्याने आयुष्यात कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

“मिस्त्री, आत या ना. चहा निवतोय,” आतून एका बाईचा आवाज आला.

तो आत गेला. भिंतीकडेने शिलाई मशिनं कापडाखाली झाकून ठेवलेली, कोपऱ्यात कपडे चढवायचा बिनडोक्याचा पुतळा, आणि मधोमध खुर्च्यांचं कडं. बोलावणारी बाई पांढऱ्या केसांची होती. निवृत्त नर्स. सुई टोचून झाली तरी पेशंटला कळू नये असा तिचा आवाज. बाकी दहा-बारा माणसं होती आणि त्याला बघून कुणीही चमकलं नाही. खाकी पँटमधल्या एका जाडसर माणसाने शेजारची खुर्ची पायाने पुढे सरकवली. हा बसचा ड्रायव्हर. कुणीतरी हातात कप दिला. मिस्त्रीने घोट घेतला आणि कपात वाकून पाहिलं. चहा बिनसाखरेचा होता. तो घरीदारी बिनसाखरेचाच पितो, पण हे त्याने इथे कुणाला सांगितलेलं नव्हतं.

बैठक सुरू झाली. नर्सबाईंनी विचारलं, “आज नवीन कुणी आहे का?”

आतून कापत असलेला माणूस कधीकधी नुसत्या हट्टाने उभा राहतो. मिस्त्री उभा राहिला. लेकीने पढवलेलं वाक्य त्याने म्हणून टाकलं. “मी सुतारकाम करतो. मला पिण्याची सवय आहे. मी आज पहिल्यांदाच आलोय.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. समोर बसलेली पार्लरवाली बाई स्वतःच्या चपलांकडे बघत राहिली. नर्सबाई म्हणाल्या, “या. बरं झालं आलात.” आणि सगळ्यांनी मिळून तेच म्हटलं, “या. बरं झालं आलात.” त्यात थट्टा नव्हती. पण पुष्कळदा म्हटलेलं वाक्य जसं गुळगुळीत होतं तसं ते झालेलं होतं, आणि ते मिस्त्रीच्या कानाला बरोबर कळलं.

“या दाराच्या बिजागऱ्या कुणी बसवल्या?” त्याने विचारलं.

पार्लरवालीने ड्रायव्हरकडे पाहिलं. मग ड्रायव्हर म्हणाला, “तू.”

“मी?”

“दार कुरकुरत होतं. तुला ते सहन होईना. त्या मशिनांची दोन झाकणंही तूच बसवलीस. मी मागच्या वेळी म्हटलं, मिस्त्री, बस आता, तर म्हणालास, हात रिकामा राहिला की कापतो.”

“मागच्या वेळी म्हणजे?”

“माझी बस शेवटच्या थांब्याला रिकामी होते,” ड्रायव्हर म्हणाला. “तू तेवढा मागच्या सीटवर झोपलेला असायचास. दोनदा उठवून खाली उतरवलं. तिसऱ्यांदा रविवार होता, माझी पाळी संपली होती, तुला धरून इथे घेऊन आलो. नंतर तुझा तूच यायला लागलास. पिऊन.”

“प्यालेल्याला बसू देतो आम्ही,” नर्सबाई म्हणाल्या. “गप्प बसायचं, चहा घ्यायचा. तुम्ही तेवढे गप्प बसत नव्हता.”

“मला काहीही आठवत नाही,” मिस्त्री म्हणाला.

“माहीत आहे. दर वेळी तुम्ही हात वर करता आणि सांगता, मी आज पहिल्यांदाच आलोय.”

“आणि तुम्ही?”

“आम्ही म्हणतो, या.”

मिस्त्री खाली बसला.  पिऊन काय केलं ते सकाळी आठवत नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण आठवत नाही म्हणजे तेवढा वेळ आपण कुठेतरी आडवे पडून घोरत होतो, अशी त्याची सोयीस्कर समजूत होती. आता कळत होतं की तेवढा वेळ कुणीतरी उभं होतं, चालत होतं, बसचं तिकीट काढत होतं, खाचा उभ्या करत होतं आणि लोकांशी बोलत होतं. आपल्याच घरात आपल्या नकळत एक भाडेकरू राहत असावा आणि त्याची आपल्यापेक्षा जास्त ओळखपाळख असावी, तसं हे होतं. मिस्त्रीला भीती वाटली. दारूची नाही, त्या माणसाची.

“मी काय बोलायचो?” त्याने विचारलं.

कुणी कप उचलला, कुणी खुर्ची सरकवली.

“अहो, मी काय सांगायचो तुम्हाला? एवढं तरी सांगा.”

“ते नाही सांगता येणार,” नर्सबाई म्हणाल्या. “इथे एकाचं बोलणं दुसऱ्याने सांगायचं नाही, असा नियम आहे.”

“पण माझंच बोलणं मलाच सांगायचंय.”

“तरीही नाही. तुमचं तुम्हाला आठवलं तर ते तुमचं. आमच्या तोंडून ऐकलंत तर तुम्हाला ते खोटं ठरवता येईल. आणि तुम्ही ठरवाल. मीही ठरवलं असतं.”

त्याने एकेकाकडे पाहिलं. या परक्या माणसांना त्याच्याबद्दल असं काही माहीत होतं, जे त्याला स्वतःला माहीत नव्हतं. त्यांच्या नजरेत घृणा असती तर त्याने भांडण काढलं असतं. तिथे कीव होती. कीव बघून तो जास्त घाबरला, कारण किरकोळ गोष्टीवर कुणी कीव करत नाही.

तो पिशवी उचलून दाराकडे निघाला. ड्रायव्हर मागोमाग बाहेर आला आणि त्याने जिन्याच्या तोंडाशी त्याला गाठलं.

“नियम मोडतोय,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “बाई मला ओरडतील. एकच सांगतो. तुझ्या बायकोला ताप नव्हता.”

एवढं बोलून तो आत निघून गेला.

मिस्त्री जिन्याच्या पायरीवर बसला. ताप नव्हता? ताप होता, हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. ती फोनवर भावाला सांगत होती, दादा, मला ताप होता रे. त्याने खिशातून फोन काढला. नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला, आणि नवल म्हणजे तिने उचलला.

“बोला.”

“तुला ताप नव्हता?”

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “तुम्ही पिऊन आहात का?”

“नाही. कालपासून नाही. मी त्या बैठकीला आलोय, लेकीने सांगितलेल्या. इथे मला... अगं, मला काही आठवत नाही. शपथेवर सांगतो.”

“शपथ नको.”

“नाही घेत. पण खरंच आठवत नाही.”

“पिऊन फोन करता तेव्हा तर सगळं आठवतं,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, थकलेला होता. “कुणाकुणाच्या फोनवरून करता. रडता, मी काय करून बसलो म्हणता, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगता. आणि सकाळी शुद्धीवर आलात की विचारता, अगं, तू परत का येत नाहीस. मग मी काय समजायचं? माणूस सोंग करतोय, एवढंच समजले मी.”

मिस्त्रीने कठडा धरला. “मला सांग,” तो म्हणाला. “एकदा सांग. मी मधे बोलत नाही.”

तिने सांगितलं. भाजी आणायची यादी सांगावी तशा सपाट आवाजात सांगितलं, म्हणून ते जास्त लागलं.

“आईचं कळलं आणि मी बॅग भरायला घेतली. तुम्ही पिऊन आलात. म्हणालात, तू गेलीस की परत येणार नाहीस. मी म्हटलं, येते की, आईला बरं वाटलं की येते. तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत. भांडला पण नाहीत. मी कपाटातून कपडे काढत होते, तर मागे दार लागलं. मला वाटलं वाऱ्याने. मग बाहेर तुमचं भोकं पाडायचं मशिन सुरू झालं. मी आतून विचारलं, अहो, काय करताय? तुम्ही म्हणालात, दार बसवतोय.”

मिस्त्रीने डोळे मिटले.

“बाहेरून दारावर आडवी पट्टी मारलीत आणि निघून गेलात. माझा फोन स्वयंपाकघरात राहिला होता. तो वाजायला लागला. रात्रभर वाजत होता, मला आतून ऐकू यायचा. आधी मी लाजेने ओरडले नाही. लोक काय म्हणतील, नवऱ्याने कोंडलं. मग ओरडले, तर मागच्या कारखान्याची पाळी सुरू झालेली, त्या आवाजात कोण ऐकतंय? सकाळी फोन वाजायचा थांबला. तेव्हाच मला कळलं आई गेली म्हणून. तुम्ही संध्याकाळी आलात, दार उघडलंत आणि म्हणालात, चहा टाक.”

“आणि ताप?”

“दादाला दुसरं काय सांगणार होते? मी तुमची अब्रू झाकली. आणि तुम्ही भरल्या घरात म्हणालात, मी सांगत होतो हिला जा म्हणून.”

खाली रस्त्यावर बस वळत होती.  हात उचलला नाही, हात उचलला नाही, असं तो आयुष्यभर सांगत आला होता. खरंच उचलला नव्हता. हातापेक्षा त्याला हत्यारं चांगली चालवता येत होती.

“उद्या सकाळी फोन करा,” ती म्हणाली. “आणि मी आत्ता काय सांगितलं ते तुम्ही मला सांगा. शुद्धीत. सांगता आलं तर पुढचं बोलू. नाही आलं तर परत कधी फोन करू नका.”

बैठक सुटली तेव्हाही तो तिथेच बसलेला होता. ड्रायव्हरने एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता त्याच्यासोबत निघाला.

घरी पोचले तेव्हा अजून ऊन होतं. मिस्त्री थेट आतल्या खोलीच्या दारापाशी गेला. खोली लहान, म्हणून हे दार त्याने स्वतःच बाहेर उघडणारं केलं होतं. त्याने चौकटीवरून तळहात फिरवला. काही नव्हतं. सगळीकडे एकसारखं पॉलिश, ना ओरखडा, ना डाग. त्याच्या मनाने उसळी घेतली. झालंच नसेल. आईच्या दुःखाने तिच्या डोक्यात काहीतरी भरलं असेल. बुडत्याला काडी पुरते, आणि ही तर चांगली सागवानी चौकट होती.

“बघ, काही नाहीये,” तो ड्रायव्हरला म्हणाला.

ड्रायव्हरने भिंतीला पाठ टेकली.

पण सुताराला स्वतःला फसवणं अवघड असतं. मिस्त्रीला ठाऊक होतं की भोक बुजवायचं तर भुसा आणि सरस, म्हणजे सुताराचा गोंद, कालवून भरतात, वर पॉलिश मारतात, आणि चांगल्या कारागिराने भरलेलं भोक कोरड्या लाकडात दिसत नाही. त्याने फडक्यावर थिनर घेतलं आणि चौकटीवरून फिरवलं. पॉलिश विरघळलं आणि छातीच्या उंचीवर काळसर ठिपके उमटले, नाणी मांडल्यासारखे एका रांगेत. दुसऱ्या बाजूलाही तसेच, त्याच उंचीवर, मापात. सकाळी ज्याच्याने चहाचा कप धरवत नाही, त्याने झिंगलेल्या अवस्थेत हे मापून केलं होतं, उघडल्यावर भोकं भरली होती, पॉलिश लावून वाळवलं होतं. त्याने एक भोक खिळ्याने उकरलं. खिळा खोलवर आत गेला.

मग त्याने फडकं तसंच खाली नेलं. का नेलं, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. गुडघ्याच्या उंचीवर ठिपक्यांची आणखी एक रांग वर आली.

मिस्त्री तिथेच फरशीवर बसला आणि ओकला. ड्रायव्हरने फडकं आणून पुसलं. नवशिक्यांचं त्याने बरंच पुसलेलं असावं, कारण त्याने तोंड वाकडं केलं नाही.

“मला एक घोट दे,” मिस्त्री म्हणाला. “एकच. खाली कोपऱ्यावर मिळते.”

“मिळते की,” ड्रायव्हर म्हणाला. “घोट घेतलास की हे सगळं जाईल. सकाळी उठशील, दार बघशील आणि म्हणशील, कुणी खराब केलं रे पॉलिश? सोपं आहे. तू बरेचदा केलंयस.”

तेच तर होतं. कोपऱ्यावर विसरणं विकत मिळत होतं आणि लक्षात ठेवणं फुकट असून झेपत नव्हतं. रात्र कशीबशी गेली. ड्रायव्हरने पत्ते काढले आणि उघड उघड लबाडी करून मिस्त्रीला प्रत्येक डावात हरवलं, नुसता त्याने रागावून जागं राहावं म्हणून. अंगाला घाम सुटत होता, कापरं भरत होतं. मधूनमधून मिस्त्री पुटपुटत होता. बॅग भरत होती. वाऱ्याने वाटलं. दार बसवतोय. फोन स्वयंपाकघरात. शाळेत कधी पाढे पाठ न केलेला माणूस ते पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि दर वेळी ते त्याला नव्याने कळत होतं.

सकाळी त्याने तोंड धुतलं, उभा राहिला आणि फोन लावला.

“बोला,” ती म्हणाली.

त्याने सांगितलं. आई आजारी होती आणि तू बॅग भरत होतीस. मी पिऊन आलो. मी दार लावलं, बाहेरून मशिनने भोकं पाडली आणि पट्टी मारली. तू विचारलंस तेव्हा म्हणालो, दार बसवतोय. तुझा फोन रात्रभर वाजला. तू ओरडलीस, कुणाला ऐकू गेलं नाही. फोन थांबला तेव्हा आई गेल्याचं तुला कळलं. मी संध्याकाळी आलो आणि चहा मागितला. तू माझ्यासाठी खोटं बोललीस आणि मी लोकांदेखत तुलाच खोटं पाडलं. त्याचा आवाज मधे फाटला, पण तो थांबला नाही, आणि ‘माफ कर’ म्हणाला नाही. ते म्हणायची आपली लायकी नाही, असं त्याला वाटलं.



“आणखी एक आहे,” तो म्हणाला. “ते तू सांगितलं नाहीस. तुला आतून दिसलं नसणार. पट्टी एक नव्हती. दोन होत्या. एक छातीजवळ, एक खाली गुडघ्याजवळ. काल मी भोकं शोधून काढली.”

“दोन?”

“दोन. लांब स्क्रू होते. चौकटीत पार आतपर्यंत गेलेले.”

पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता. मग ती बोलली, आणि तिचा तो सपाट आवाज आता राहिला नव्हता.

“मी रात्रभर त्या दाराला खांदा लावून रेटत होते,” ती म्हणाली. “एका पट्टीचं काय ते, असं वाटायचं. इतके दिवस मला वाटत होतं, मीच जोर कमी लावला. आणखी थोडा लावला असता तर आई भेटली असती.”

“नाही,” मिस्त्री म्हणाला. “ते तुझ्याने उघडलं नसतं. कुणाच्याच्याने उघडलं नसतं. मी लावलं होतं.”